विमानाचा संदेश आणि त्याची नोंद : जुन्नर परिसराच्या निमित्ताने एक आढावा

विमान कंपनीचे एक उड्डाण सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून ते संपल्यानंतर काही काळापर्यंत त्याच्याभोवती संदेशांची एक साखळी तयार होत असते. मार्ग, उंची, वेग आणि पर्यायी विमानतळ सांगणारा उड्डाण आराखडा वाटेवरच्या नियंत्रण केंद्रांकडे आगाऊ जातो. विमान जागेवरून हलले, त्याने जमीन सोडली, ते उतरले आणि पुन्हा थांब्याला लागले, या चार घटनांच्या वेळा कंपनीच्या कार्यालयांना कळवल्या जातात. किती प्रवासी आहेत, किती माल आहे आणि तो विमानाच्या पोटातल्या कोणत्या कप्प्यात ठेवला आहे, हे पुढच्या विमानतळाला विमान पोहोचण्यापूर्वी समजते. विलंब झाला तर त्याचे कारण ठरावीक सांकेतिक आकड्यांत नोंदले जाते. या सर्वांना मिळून परिचालन संदेश म्हणतात. प्रवाशाच्या नजरेस ते कधीच पडत नाहीत, परंतु ते थांबले की विमाने जमिनीवरच अडकून पडतात, हे अलीकडच्या काही वर्षांत जगभर दिसून आले आहे.

या विषयावरचे लेखन बहुधा वेगाच्या अंगाने होते. तारेपासून टेलिप्रिंटर, टेलिप्रिंटरपासून संगणक आणि संगणकापासून उपग्रह, असा चढता आलेख मांडला की विषय पूर्ण झाला, असे मानले जाते. प्रस्तुत आढाव्यातील भूमिका वेगळी आहे. संदेश किती लवकर पोहोचला यापेक्षा त्यातील मजकूर कोणी आणि कशाच्या आधारे सांगितला, त्याची नोंद पाठवणाऱ्याखेरीज आणखी कोणाकडे स्वतंत्रपणे राहिली आणि एक वाट बंद पडली तर दुसरी खरोखरच वेगळी होती की पहिलीचीच प्रतिकृती होती, या कसोट्यांवर कोणतीही संदेशयंत्रणा तपासली पाहिजे. अशा तपासणीसाठी पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव हा सह्याद्रीच्या कुशीतला भाग अनपेक्षितपणे सोयीचा ठरतो. या भागात मोठा विमानतळ नाही आणि कोणत्याही विमान कंपनीचे परिचालन केंद्रही नाही; मात्र केवळ तोंडी स्थाननिवेदनावर चालणाऱ्या काळातील एक मोठा विमान अपघात याच डोंगरांत झाला, देशाचे पहिले व्यापारी उपग्रह भू-केंद्र जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे उभे राहिले आणि विमानांचे संदेश ज्यांच्या कामात गोंगाट म्हणून येतात अशा रेडिओ दुर्बिणी खोडद येथे आहेत.

सिडनीहून निघून डार्विन, सिंगापूर, बँकॉक, मुंबई, कराची आणि तेहरान असे टप्पे घेत रोमला जाणारे अलिटालिया कंपनीचे ७७१ क्रमांकाचे उड्डाण जुलै १९६२ मध्ये मुंबईला उतरण्याच्या बेतात असताना मुंबईच्या ईशान्येस सुमारे ८४ किलोमीटरवर, जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले. विमान डीसी-८ जातीचे, म्हणजे त्या काळातील अद्ययावत जेट होते. त्यातील ८५ प्रवासी आणि ९ कर्मचारी असे सर्वच्या सर्व ९४ जण मृत्युमुखी पडले. अपघाताची वेळ विमानवाहतुकीत वापरल्या जाणाऱ्या ग्रिनिच वेळेनुसार १८ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास होती; भारतीय वेळेनुसार तेव्हा मध्यरात्र उलटून सुमारे दहा मिनिटे झाली होती आणि तारीख ७ जुलै लागली होती, तर ग्रिनिचच्या हिशेबात ती ६ जुलैच होती. एकाच घटनेला दोन तारखा लागण्याचा हा प्रकार किरकोळ वाटला तरी संदेशांच्या नोंदीत तो महत्त्वाचा आहे, कारण परिचालन संदेशांतील सर्व वेळा आजही याच एका जागतिक वेळेत लिहिल्या जातात आणि मध्यरात्रीच्या आसपासच्या उड्डाणांची स्थानिक कागदपत्रांशी सांगड घालताना तारखेची ही अदलाबदल हमखास तपासावी लागते.

तपासात निघालेला निष्कर्ष असा होता की मार्गनिर्देशनातील चुकीमुळे वैमानिकाला आपण प्रत्यक्षापेक्षा मुंबईच्या अधिक जवळ आहोत असे वाटले, त्यामुळे त्याने रात्रीच्या वेळी, बाहेरचे काही न दिसता केवळ उपकरणांच्या आधारे, सरळ धावपट्टीवर उतरण्यासाठी विमान वेळेआधी खाली आणले आणि ते उंच भूभागावर आदळले. स्थान पडताळून पाहण्यासाठी उपलब्ध असलेल्या साधनांचा उपयोग न करणे, ठरवून दिलेल्या किमान सुरक्षित उंचीचे उल्लंघन आणि या मार्गावरील भूप्रदेशाचा अपरिचय, ही सहायक कारणे म्हणून नोंदली गेली. कोकणाच्या सपाटीवरून पूर्वेकडे येताना भूभाग एकदम उभा राहतो, हे सह्याद्री पाहिलेल्याला सांगावे लागत नाही. पण पूर्वेकडून मुंबईकडे जाणाऱ्या विमानाच्या दृष्टीने चित्र उलटे असते. दख्खनचे पठार संपता संपता जीवधन, ढाकोबा, भीमाशंकर अशा हजार मीटरांच्या आसपासच्या आणि त्याहून उंच माथ्यांची रांग लागते आणि ती ओलांडल्यावरच समुद्रसपाटीजवळचा प्रदेश येतो. ही रांग मागे पडली की नाही, एवढ्या एका माहितीवर सारे अवलंबून असते, आणि जुलैतल्या ढगाळ रात्री ती माहिती खिडकीतून मिळत नाही.

त्या काळातील पद्धतीत विमानाचे स्थान हे मुळात एक विधान असे. विमानातील कर्मचारी गणित करून, रेडिओ दिशादर्शकांची मदत घेऊन आपले ठिकाण ठरवीत आणि ते, तेथे पोहोचल्याची वेळ, उंची, पुढचे ठिकाण आणि तेथे पोहोचण्याची अपेक्षित वेळ, या ठरलेल्या क्रमाने रेडिओवर बोलून सांगत. जमिनीवरचा नियंत्रक ते कागदी पट्टीवर लिहून घेई आणि त्या पट्ट्यांच्या आधारे दोन विमानांमधील अंतर राखी. या व्यवस्थेत संदेश अचूक ऐकला गेला, अचूक लिहिला गेला आणि वेळेवर पुढे गेला, तरी त्यातील मूळ विधान चुकीचे असेल तर ती चूक साखळीच्या प्रत्येक दुव्यातून जशीच्या तशी पुढे सरकत असे. वहन निर्दोष आणि मजकूर सदोष, अशी ही अवस्था आहे, आणि संदेशयंत्रणेच्या पुढील सर्व सुधारणांचे मूल्यमापन करताना ती नजरेआड होऊ देता कामा नये. पुढे विमानातील भूसान्निध्य इशारा यंत्रे आली, तसेच विमानाची उंची नकाशातील भूभागाशी पडताळून नियंत्रकाला आपोआप सावध करणारी जमिनीवरची यंत्रणाही आली. या दोन्ही उपायांत वैमानिकाच्या विधानाखेरीज दुसऱ्या स्वतंत्र स्रोताशी तुलना केली जाते, हेच त्यांचे बळ आहे.

बोलून दिलेल्या संदेशाच्या बरोबरीने लिहून पाठवलेल्या संदेशाचे एक जाळे विमानतळा-विमानतळांमध्ये पसरलेले होते आणि आजही आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांनुसार चालणारे हे स्थिर दूरसंचार जाळे ‘एएफटीएन’ या नावाने ओळखले जाते. त्यात प्रत्येक पत्ता आठ अक्षरांचा असतो. पहिली चार अक्षरे ठिकाण सांगतात, उदाहरणार्थ मुंबईसाठी ‘व्हीएबीबी’ आणि पुण्यासाठी ‘व्हीएपीओ’, आणि पुढची चार त्या ठिकाणच्या कार्यालयाकडे बोट दाखवतात. प्रत्येक संदेशाच्या आरंभी त्याची निकड सांगणारी दोन अक्षरे येतात. आपत्तीच्या संदेशाला ‘एसएस’, उड्डाण सुरक्षेशी संबंधित संदेशाला ‘एफएफ’, तर हवामान व नियमिततेच्या संदेशाला ‘जीजी’. एका ओळीत जास्तीत जास्त ६९ अक्षरे आणि सर्व मजकूर मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत, हे बंधन टेलिप्रिंटरच्या कागदाच्या रुंदीतून आणि त्याच्या पाच घटकी संकेतातून आले. पाच छिद्रांच्या जुळणीतून केवळ बत्तीस चिन्हे तयार होतात. त्यामुळे अक्षरे आणि आकडे यांच्यासाठी तेच संकेत आलटून पालटून वापरावे लागत आणि लहान-मोठ्या अक्षरांचा भेद ठेवायला जागाच उरत नसे.

या जाळ्यातील जुन्या संदेश केंद्राचे काम जवळून पाहिले तर आजच्या संगणकाने नेमके काय उचलले आणि काय गाळले, हे कळते. येणारा संदेश यंत्रावर कागदावर उमटे आणि त्याच वेळी एका अरुंद फितीवर छिद्रांच्या रूपाने नोंदला जाई. कर्मचारी ती फीत फाडून घेई, पत्ता वाचून कोणत्या दिशेच्या यंत्राला ती द्यायची हे ठरवी आणि त्या यंत्राच्या तोंडाशी लावी. सरावलेले कर्मचारी छिद्रे पाहूनच मजकूर वाचू शकत. प्रत्येक वाहिनीवरील संदेशांना चढते क्रमांक असत. १२३ नंतर एकदम १२५ आला तर मधला संदेश हरवला हे त्याच क्षणी ध्यानात येई आणि मागच्या केंद्राकडे फेरपाठवणीची मागणी जाई. साठवा आणि पुढे पाठवा, या तत्त्वावरील ही पद्धत संथ होती, पण तिच्यात प्रत्येक टप्प्यावर एक प्रत मागे राहत असे आणि हरवण्याची दखल घेण्याची तजवीज पद्धतीतच होती. संगणकीय संदेश वितरण यंत्रांनी फीत, यंत्रांची रांग आणि माणूस हे तीनही काढून टाकले; क्रमांक, निकडीची अक्षरे आणि साठवून पुढे पाठवण्याचे तत्त्व मात्र त्यांनी तसेच ठेवले. ते ठेवले हे शहाणपणाचे झाले.

विमान कंपन्यांचे आपसांतील आणि आपल्याच कार्यालयांशी होणारे संदेश मात्र बहुतांशी वेगळ्या वाटेने जातात. प्रत्येक कंपनीने देशोदेशी स्वतःच्या तारा भाड्याने घेणे परवडणारे नव्हते, म्हणून १९४९ मध्ये अकरा विमान कंपन्यांनी एकत्र येऊन ‘सिटा’ ही सामायिक संदेशवहन संस्था उभी केली. या जाळ्यावरील साठवून पाठवल्या जाणाऱ्या संदेशांना ‘टाइप बी’ म्हणतात. त्यांचा पत्ता सात अक्षरांचा असतो. तीन अक्षरे शहराची, दोन विभागाची आणि शेवटची दोन कंपनीची. मुंबईचे संकेताक्षर आजही जुन्या नावावरून ‘बीओएम’ आहे आणि पुण्याचे ‘पीएनक्यू’. या संदेशांचे नमुने विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ठरवून दिले असल्यामुळे एका कंपनीच्या संगणकाने तयार केलेला संदेश दुसऱ्या कंपनीचा, विमानतळाचा किंवा सामान हाताळणाऱ्या संस्थेचा संगणक माणसाच्या मदतीशिवाय वाचू शकतो.

यांपैकी सर्वाधिक वापरला जाणारा नमुना हालचालीच्या संदेशाचा आहे. पुण्याहून दिल्लीला निघालेल्या एखाद्या विमानासाठी तो कसा दिसेल हे पाहता येईल. पहिल्या ओळीत ‘एमव्हीटी’ हे संदेशाचे नाव येते. दुसऱ्या ओळीत उड्डाण क्रमांक, महिन्याची तारीख, विमानाचे नोंदणी चिन्ह आणि निघण्याचे ठिकाण. तिसऱ्या ओळीत ‘एडी ०५१२/०५२४ ईए ०७१० डीईएल’ असा मजकूर. त्याचा अर्थ असा की विमान जागतिक वेळेनुसार ५ वाजून १२ मिनिटांनी जागेवरून हलले, ५ वाजून २४ मिनिटांनी हवेत झेपावले आणि दिल्लीला ७ वाजून १० मिनिटांनी पोहोचण्याची अपेक्षा आहे. भारतीय वेळेत हे आकडे १०.४२, १०.५४ आणि १२.४० होतात. पुढे ‘डीएल ९३/००१७’ असे असेल तर १७ मिनिटांचा विलंब झाला आणि तो याच विमानाच्या आधीच्या फेरीला उशीर झाल्यामुळे झाला, असे कळते. शेवटी प्रवाशांची संख्या. शंभर-सव्वाशे अक्षरांच्या या मजकुरावरून दिल्लीतला फलक बदलतो, जोडविमानाच्या प्रवाशांची व्यवस्था ठरते, कर्मचाऱ्यांच्या कामाच्या तासांचा हिशेब लागतो आणि महिनाअखेरीस कंपनीच्या वक्तशीरपणाचा आकडा निघतो.

यातील विलंबाच्या संकेताकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. विमान हलल्याची वेळ ही घटना आहे. विलंबाचे कारण हा निर्णय आहे. तांत्रिक बिघाडाला ४१, निघण्याच्या ठिकाणच्या खराब हवामानाला ७१, हवाई मार्गावरील गर्दीच्या नियमनाला ८१ आणि आधीच्या फेरीच्या उशिराला ९३, अशा आकड्यांतून निवड करताना नोंदवणारा माणूस विलंबाची जबाबदारी कोणाच्या तरी पदरात टाकत असतो. एकाच विलंबात सामान चढवण्यातील दिरंगाई आणि नियंत्रणाची परवानगी मिळण्यातील उशीर मिसळलेले असतात, आणि कोणाच्या वाट्याला किती मिनिटे द्यायची यावर विमान कंपनी आणि विमानतळावर तिचे काम करणारी संस्था यांच्यात मतभेद होणे स्वाभाविक आहे. संगणकाने ही नोंद जलद, एकसारखी आणि मोजण्याजोगी केली. पण तिच्यामागचा निर्णय निःपक्षपाती केला, असे म्हणता येत नाही. विलंबाच्या आकडेवारीवरून धोरणे ठरवणाऱ्यांनी हा भेद जितका ठेवायला हवा तितका ठेवलेला दिसत नाही.

हे सर्व संदेश देशाबाहेर जायचे तर त्यासाठी भरवशाची वाहिनी लागते आणि या बाबतीत पुणे जिल्ह्याचा इतिहास मोठा आहे. इंग्लंडशी थेट बिनतारी तारसेवा १९२७ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचे प्रक्षेपण केंद्र खडकीला आणि ग्रहण केंद्र दौंडला होते. परदेशी दूरसंचाराचे काम १९४७ पासून सरकारच्या ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस या खात्याकडे आले. परंतु लघुलहरींवर अवलंबून असलेली ही सेवा वातावरणाच्या वरच्या थरांच्या लहरीवर चालत असे. दिवस आणि रात्र, ऋतू आणि सूर्यावरील घडामोडी यांनुसार आवाज खाली जाई, अक्षरे चुकत आणि कधी तासन्‌तास संपर्कच मिळत नसे. टेलिप्रिंटरच्या संदेशात एक छिद्र चुकले तरी अक्षर बदलते आणि अंकांच्या बाबतीत अशी चूक वाचणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. विमान कंपनीच्या वेळा आणि वजने ज्या माध्यमातून जायची, त्यात ही अनिश्चितता धोक्याची होती.

आर्वीच्या भू-केंद्राचे महत्त्व या पार्श्वभूमीवर समजते. नारायणगावजवळच्या या गावात १९७०च्या दशकाच्या अगदी आरंभी सुमारे ३० मीटर व्यासाच्या थाळीचा अँटेना उभारून हिंदी महासागरावरील इंटेलसॅट उपग्रहाशी संपर्क प्रस्थापित करण्यात आला आणि डिसेंबर १९७१ मध्ये निधन पावलेल्या विक्रम साराभाई यांचे नाव या केंद्राला देण्यात आले. जागेची निवड करताना दोन गोष्टी लागतात. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय केंद्राशी सूक्ष्मलहरींच्या दुव्याने जोडता येईल इतके सान्निध्य आणि महानगराच्या रेडिओ गोंगाटापासून दूर राहण्याइतके अंतर. जुन्नरच्या डोंगरवेढ्यात दोन्ही मिळाले. देशाबाहेर जाणारे टेलिफोन, टेलेक्स आणि भाड्याने दिलेल्या टेलिप्रिंटर वाहिन्या यांना यामुळे ऋतूंच्या लहरीतून सुटलेली, अखंड वाट उपलब्ध झाली. संदेशजाळी ही स्वतःच्या तारा टाकून उभी राहत नसतात, ती प्रत्येक देशाच्या दूरसंचार खात्याकडून वाहिन्या घेऊन विणली जातात. त्यामुळे अशा एका केंद्राचा लाभ विमानवाहतुकीसह प्रत्येक व्यवसायाला होतो, आणि नेमक्या याच कारणामुळे विमानवाहतुकीच्या इतिहासात त्याचे नाव सहसा येत नाही. ते यायला हवे. पुढे १९८६ मध्ये हे काम विदेश संचार निगमाकडे गेले, समुद्राखालील प्रकाशतंतूंच्या केबलींनी उपग्रहाचा मोठा भार उचलला आणि आर्वीसारख्या अवाढव्य थाळ्यांचे युग मागे पडले. परंतु उपग्रहाची वाट बंद झाली नाही, ती आकाराने लहान होऊन विमानाच्या पाठीवर जाऊन बसली.

विमानातून थेट लेखी संदेश पाठवण्याची यंत्रणा १९७८ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. तिला ‘एकार्स’ म्हणतात. तिचा आरंभीचा उपयोग आज क्षुल्लक वाटेल असा होता. विमान कर्मचाऱ्यांचे वेतन उड्डाणाच्या वेळेशी बांधलेले असते आणि ती वेळ कर्मचारी स्वतःच बोलून कळवीत. नव्या यंत्रणेत दारे व हातब्रेक यांच्या खुणांवरून जागा सोडल्याची आणि थांब्याला लागल्याची, तर चाकांवरील भाराच्या खुणेवरून जमीन सोडल्याची आणि टेकल्याची, अशा चारही वेळा आपोआप नोंदल्या जाऊन जमिनीवर जाऊ लागल्या. विधानाची जागा मोजमापाने घेतली, हे या बदलाचे खरे मर्म होते. त्यानंतर इंजिनाची स्थिती, हवामान, वजनाचा तक्ता, उड्डाण मार्गातील बदल, असे विषय त्यात भरत गेले. अतिउच्च वारंवारतेच्या रेडिओवर हा संदेश सेकंदाला २४०० बिट या, आजच्या मानाने अगदीच मंद, गतीने जातो. समुद्रावर गेल्यावर उपग्रहाचा मार्ग धरतो. अरबी समुद्रावरील मुंबईच्या नियंत्रण क्षेत्रात तर वैमानिक आणि नियंत्रक यांच्यातील परवानग्या आणि विमानाचे आपोआप जाणारे स्थाननिवेदन हेही अशाच लेखी दुव्यावरून चालतात, त्यामुळे खरखरणाऱ्या लघुलहरींवर उंचीचा आकडा पुन्हा पुन्हा विचारण्याची गरज बरीच कमी झाली आहे.

दोन अपघातांनी या यंत्रणेची ताकद आणि मर्यादा उघड केल्या. रिओहून पॅरिसला जाणारे एअर फ्रान्सचे ४४७ क्रमांकाचे विमान १ जून २००९ रोजी अटलांटिकमध्ये कोसळले, तेव्हा ध्वनिमुद्रक आणि उड्डाणमापक समुद्रतळाशी होते आणि ते हाती लागायला जवळपास दोन वर्षे गेली. पण विमानाने शेवटच्या चार-पाच मिनिटांत कंपनीच्या देखभाल केंद्राकडे आपोआप पाठवलेले दोन डझन संदेश जमिनीवर पोहोचलेले होते आणि वेगमापनात विसंगती आली होती, ही पहिली दिशा त्यांतूनच मिळाली. मलेशिया एअरलाइन्सच्या ३७० क्रमांकाच्या विमानाचे ८ मार्च २०१४ रोजी उलट झाले. त्यातून जाणारे एकार्स संदेश बंद पडले. मात्र उपग्रहाच्या यंत्रणेशी विमानातील उपकरणाची ओळख पटवणारी देवाणघेवाण पुढे कित्येक तास चालू राहिली आणि तिची वेळ भू-केंद्राच्या नोंदवहीत उमटत गेली. मजकूर काहीच नव्हता, केवळ लखोट्यावरचे शिक्के होते. पण सिग्नलला लागलेल्या वेळेच्या आणि त्याच्या वारंवारतेच्या सूक्ष्म फरकावरून विमान हिंदी महासागराच्या दक्षिण भागाकडे गेले असावे, हा निष्कर्ष त्याच शिक्क्यांतून निघाला. ही नोंद विमान कंपनीने ठेवलेली नव्हती. ती वाहिनी पुरवणाऱ्या तिसऱ्या संस्थेने स्वतःच्या कामासाठी ठेवली होती, म्हणूनच ती टिकली. यानंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने समुद्रावरील मोठ्या प्रवासी विमानांचे स्थान निदान दर पंधरा मिनिटांनी नोंदले जावे, असा नियम आणला.

संदेश वाहणारा संगणकच बंद पडल्यास काय होते, हा प्रश्न भारतात नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रत्यक्ष उभा राहिला. दिल्ली विमानतळावरील हवाई वाहतूक नियंत्रणाला उड्डाण आराखडे पुरवणारी स्वयंचलित संदेश वितरण यंत्रणा ६ आणि ७ नोव्हेंबरला बिघडली, आराखडे हाताने भरण्याची वेळ आली आणि आठशेहून अधिक उड्डाणांना विलंब झाला. रडार चालू होते, रेडिओ चालू होता, धावपट्ट्या मोकळ्या होत्या. फक्त कोणते विमान कोठे, केव्हा, कोणत्या मार्गाने जाणार आहे हे सांगणारे लिखित संदेश आपोआप येत नव्हते. ब्रिटनमध्ये २८ ऑगस्ट २०२३ रोजी घडलेला प्रकार तर याहून बोधप्रद आहे. अमेरिकेकडून फ्रान्सकडे जाणाऱ्या एका उड्डाणाच्या आराखड्यात एकमेकांपासून फार दूर असलेल्या दोन वेगळ्या ठिकाणांचे संकेताक्षर एकच होते; आराखडा नियमानुसार वैध होता, पण तो वाचणाऱ्या प्रणालीला त्यातून मार्ग काढता आला नाही आणि चुकीची माहिती नियंत्रकापर्यंत जाऊ नये म्हणून तिने काम थांबवले. लगेच राखीव प्रणाली पुढे आली, तिने तोच आराखडा त्याच आज्ञावलीने वाचला आणि तीही तिथेच थांबली. दोन्ही थांबण्यात वीस सेकंदांहून अधिक वेळ गेला नाही. ताशी चारशेच्या आसपास आराखडे हाताळणाऱ्या यंत्राच्या जागी ताशी साठपर्यंत आराखडे भरू शकणारी माणसे बसली आणि सात लाखांहून अधिक प्रवाशांना त्याचा फटका बसला. राखीव यंत्र हे पहिल्यापेक्षा वेगळ्या पद्धतीने विचार करणारे नसेल तर ते यंत्र मोडण्यावर उपाय ठरते, आज्ञावलीतील दोषावर ठरत नाही. फाडलेल्या फितीच्या काळात चुकीचा पत्ता असलेला एक संदेश बाजूला ठेवून कर्मचारी पुढची फीत उचलत असे. न समजणारा एक संदेश वेगळा काढून उरलेले चालू ठेवण्याचे हे साधे कौशल्य नव्या यंत्रांच्या रचनेत अग्रक्रमाने यायला हवे होते.

विमानांच्या संदेशांचा आणखी एक प्रकार असा आहे की त्याला ठरलेला पत्ताच नसतो. उपग्रहांच्या मदतीने ठरवलेले आपले स्थान, उंची आणि ओळख विमान दर सेकंदाला एक-दोनदा १०९० मेगाहर्ट्झ या वारंवारतेवर सर्वांसाठी प्रसारित करते आणि ते कोणालाही साध्या ग्राहकयंत्रावर टिपता येते. दहा किलोमीटर उंचीवरील विमानाला रेडिओच्या दृष्टीने सुमारे चारशे किलोमीटरपर्यंतचे क्षितिज दिसते. मुंबईकडे येणाऱ्या-जाणाऱ्या वाहतुकीचा विचार करता जुन्नर-आंबेगावच्या आकाशात असे प्रसारण कोणत्याही क्षणी अनेक विमानांकडून होत असते. खोडद येथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या, ज्यांच्यामागे गोविंद स्वरूप यांची दृष्टी होती, त्या याच आकाशाखाली विश्वातील अत्यंत क्षीण रेडिओ लहरी टिपतात. या दुर्बिणीचा सर्वांत वरचा पट्टा साधारण १०५० ते १४५० मेगाहर्ट्झ असा असल्यामुळे विमानांचे प्रसारण त्याच्या आत येते, तर वैमानिकांच्या बोलण्याचा ११८ ते १३७ मेगाहर्ट्झचा पट्टा दुर्बिणीच्या खालच्या पट्ट्याला स्पर्श करतो. मोबाइलचे मनोरे, विजेच्या तारा किंवा कारखाने यांचा उपद्रव डोंगराच्या आडोशाने आणि स्थानिक समन्वयाने कमी करता येतो. डोक्यावरून जाणाऱ्या विमानाला कोणताच डोंगर आड येत नाही. खगोलशास्त्रज्ञांना मिळालेल्या मापनातून हे अंश नंतर ओळखून वगळावे लागतात. एकाची सुरक्षा दुसऱ्याचा अडथळा ठरते आणि दोन्ही गरजा खऱ्या आहेत, म्हणून वारंवारतांच्या वाटपाचा प्रश्न तांत्रिक असण्याइतकाच सार्वजनिक हिताचाही आहे.

डोंगराचा हाच गुण खालच्या उंचीवर उलट काम करतो. उतरण्यासाठी खाली आलेले विमान कड्याआड गेले की जमिनीवरील ग्राहकयंत्राला ते दिसेनासे होते आणि त्याचे संदेशही पोहोचत नाहीत, म्हणजे भूभाग जेथे सर्वाधिक धोक्याचा आहे तेथेच संपर्काची सावली पडते. उपग्रहांवरून टिपले जाणारे स्थानप्रसारण ही सावली बऱ्याच अंशी नाहीशी करते. तथापि हे प्रसारण खरेच त्या विमानाकडून आले याची खात्री पटवणारी कोणतीही सही त्यात नसते आणि स्थान ठरवणाऱ्या उपग्रह सिग्नलमध्ये खोटी माहिती मिसळली गेली तर विमान प्रामाणिकपणे चुकीचे स्थान सांगत राहते. १९६२ मध्ये मार्गनिर्देशनाच्या चुकीतून जे घडले तेच आता बाहेरून घडवता येते, इतकाच फरक पडला आहे. यावरचा तांत्रिक उतारा पुन्हा स्वतंत्र तुलनेचाच आहे; जमिनीवरील अनेक ग्राहकयंत्रांना एकच सिग्नल पोहोचण्यास लागलेल्या वेळेतील फरकावरून विमानाचे स्थान वेगळे काढता येते आणि ते विमानाने सांगितलेल्या स्थानाशी ताडून पाहता येते.

नोंदी किती काळ ठेवायच्या, या बाबतीत आंतरराष्ट्रीय नियम दूरसंचार नोंदवह्या आणि विमानतळ जाळ्यावरील संदेश निदान तीस दिवस जपण्यास सांगतात. चौकशी चालू असेल तर त्या चौकशीला गरज असेपर्यंत. ही मुदत कागदाच्या गठ्ठ्यांच्या आणि ध्वनिफितींच्या काळातील आहे, तेव्हा जागेची अडचण खरी होती. आज एका मोठ्या केंद्रातील वर्षभराचे लेखी संदेश साठवायला लागणारी जागा नगण्य आहे. विमानाच्या आतील ध्वनिमुद्रकाची मुदत तीस मिनिटांवरून दोन तासांवर आणि नव्या मोठ्या विमानांसाठी पंचवीस तासांवर नेण्यात आली, मग संदेशांच्या नोंदींची मुदत तीस दिवसांवरच का राहावी, याला पटण्याजोगे उत्तर दिसत नाही. विलंबाचे संकेत, बिघाडाचे संदेश आणि मार्गातील बदल हे वर्षानुवर्षे एकत्र पाहिले तर एखाद्या मार्गावरील, एखाद्या विमानतळावरील किंवा एखाद्या डोंगररांगेजवळील वारंवार येणारी अडचण अपघात होण्यापूर्वी दिसू शकते. ही सामग्री सध्या कंपन्या, विमानतळ, नियंत्रण यंत्रणा आणि वाहिनी पुरवणाऱ्या संस्था यांच्यात विखुरलेली आहे, प्रत्येकाच्या ताब्यात साखळीचा एक तुकडा आहे, आणि तपास यंत्रणा ती गोळा करू लागते तेव्हा बहुधा दुर्घटना होऊन गेलेली असते. व्यक्तींची नावे आणि व्यापारी गुपिते वगळून या नोंदी ठरावीक काळाने तटस्थ संस्थेकडे जमा करण्याची सक्ती करायची की नाही, हा निर्णय नियामकांच्या अखत्यारीत आहे आणि तो घेण्यासाठी नव्या यंत्रसामग्रीची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही.